रक्तात उरलेला समर

शुभांगी रेडेकरची गर्भचाचणी पॉझिटिव्ह आली तेव्हा तिचं वय बावन्न होतं, आणि नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं लोटली होती.

गारगोटी डेपोत ती कंडक्टर होती. गाड्या विजेवर धावू लागल्या, चेहरा बघून तिकीट आपोआप कापलं जाऊ लागलं, तरी डोंगरातल्या फेऱ्यांना माणूस लागतोच, म्हणून तिची नोकरी टिकली होती. काही महिने तिच्या अंगावरून थोडं थोडं जात होतं. पाळी जायच्या वयात असं व्हायचंच, असं समजून तिनं कुणाला सांगितलं नाही. डेपोच्या वार्षिक तपासणीत नर्सनं नियमाप्रमाणे लघवीची चाचणी केली. दोन रेघा उमटल्या. दुसरी फिकट होती, पण होती. नर्सनं मान वर करून आधी तिच्या गळ्याकडे पाहिलं, मंगळसूत्र आहे का ते. शुभांगी म्हणाली, "बघतेस काय? मला तरी कळू दे कुणाचं ते, मग पेढे वाटते."

हा किस्सा तिनं लेकीला फोनवर हसत हसत सांगितला. तनिष्काला हसू आलं नाही. ती गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत ओतकामाचे भाग क्ष-किरणांखाली तपासायची. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या भागाच्या पोटात हवेची पोकळी राहिलेली असते, आणि तो भाग पुढं कधीतरी ऐन भारात तडकतो, हे ती रोज बघत होती. तिनं दुसऱ्या दिवसाची रजा टाकली आणि आईला घेऊन कोल्हापूरबाहेरच्या कर्करुग्णालयात गेली.

पूर्वी अशा आजाराचं निदान व्हायला वर्षं जायची. गर्भाशयाचे काही कर्करोग इतके दुर्मीळ, की डॉक्टरच्या सगळ्या उमेदीत असा रुग्ण एकदा किंवा दोनदाच समोर यायचा, आणि त्या वेळी तो ओळखू येईलच याची खात्री नसायची. आता रक्ताचा एक नमुना पुरत होता. शरीरातली प्रत्येक पेशी मरताना आपल्या डीएनएचे तुकडे रक्तात सांडते. गाठीच्या पेशीही सांडतात. यंत्र ते तुकडे वेचून जुळवतं आणि जगभरातल्या तशाच विरळ गाठींशी ताडून पाहतं. शुभांगीच्या रक्तातल्या तुकड्यांवर मात्र यंत्र दोनदा अडलं. गाठीचा डीएनए अर्धाच तिचा होता. उरलेला अर्धा दुसऱ्या कुणाचा तरी होता, आणि त्यात पुरुषाचं गुणसूत्र होतं.

डॉक्टर गव्हाणे पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी तनिष्काला आधी एकटीलाच आत बोलावलं, कारण बाहेर बाकावर बसलेल्या आईला ऐकू जाऊ नये असा निरोप तनिष्कानंच पाठवला होता.

"वार आईची असते असं सगळ्यांना वाटतं," त्या म्हणाल्या. "ती असते बाळाची. बाळाचाच डीएनए, अर्धा आईकडून आलेला, अर्धा वडिलांकडून. बाळंतपणात वार पडते, पण तिची एखादी पेशी गर्भाशयाच्या भिंतीत रुतून राहू शकते. वीस-पंचवीस वर्षं झोपून राहते. मग कधीतरी उठते. तुमच्या आईची गाठ मुलाच्या वारेतून झाली आहे. तुम्हाला भाऊ आहे ना?"

तनिष्का म्हणाली, "होता."

समर तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. दोन वर्षांपूर्वीच्या महापुरात शिरोळकडच्या एका गावातली माणसं काढायला गेलेली होडी उलटली. बाकीचे सगळे मिळाले, समर मिळाला नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन उरका, असं भावकीनं सांगितलं, तेव्हा शुभांगीनं चुलतदिरांना दाराबाहेर चपला दाखवल्या होत्या. त्यानंतर तो विषय घरात कुणी काढला नव्हता.

डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. गाठ बाळंतपणानंतर चारेक वर्षांत उठली असती तर जुन्या औषधांना दबली असती. इतकी वर्षं झोपलेली गाठ दबत नाही. गर्भाची पिशवी काढून भागणार नव्हतं, फुफ्फुसांत ठिपके दिसत होते. मात्र याच गाठीला एक नवा उपाय निघाला होता, कारण ती अर्धी परकी होती. आईच्या रक्तातल्या संरक्षक पेशी बाहेर काढायच्या, गाठीवर असलेली बापाकडची खूण त्यांना ओळखायला शिकवायची आणि त्या परत सोडायच्या. ती खूण आईच्या स्वतःच्या एकाही पेशीवर नसते. म्हणून त्या तिला इजा करत नाहीत, फक्त परकं शोधून मारतात. दहातल्या सात बायका वाचत होत्या, पण गाठ यकृतात पसरायच्या आधी उपचार झाला तरच.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणाली?"

त्यांच्या घरात तो शब्द उच्चारायची पद्धत नव्हती. तनिष्काची आत्या त्यानंच गेली, तरी शेवटपर्यंत सगळे 'पोटाचं दुखणं' म्हणत होते आणि आत्याही तेच म्हणत होती. तनिष्कानं उपाहारगृहात दोन चहा घेतले, आईसमोर एक सरकवला, आणि जितक्या हलक्यानं सांगता येईल तितक्या हलक्यानं सांगितलं, की समरच्या वेळची वार थोडी आत राहिली होती, तिचीच गाठ झालीय, औषधानं जाईल.

"समरची?"

"हो."

"एवढी वर्षं? वाळून गेली नाही?"

"जिवंत आहे, म्हणून तर वाढतेय," तनिष्का म्हणाली.

शुभांगीनं चहाचा कप तसाच खाली ठेवला. तिच्या तोंडावरचा ताण उतरला, कपाळावरची शीर शांत झाली. बरं झालं आपण असं सांगितलं, असं तनिष्काला त्या वेळी वाटलं.

उपचाराआधी रुग्णानं एकट्यानं संमतीकक्षात बसायचं, असा कायदा होता. नातेवाईक रुग्णापासून आजार लपवतात, म्हणूनच तो झाला होता. कक्षात एक पडदा असायचा. तो रुग्णाच्या बोलीत बोलायचा आणि विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचा, त्याला गप्प बसवायची सोय कुणालाच नव्हती. कोल्हापूरचे लोक त्याला मास्तर म्हणत. आई आत गेली तेव्हा तनिष्का दाराशी उभी राहिली. मास्तर तो शब्द उच्चारणार, आई घाबरणार, मग ती बाहेर येऊन रडेल आणि आपण तिला धरू, इतकी तयारी तिनं मनाशी केली होती.

आई रडत आली नाही. तिनं पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चल, साडेतीनची गाडी मिळेल. मी नाही अंगठा देत."

गाडीत बसल्यावर तिनं सगळं सांगितलं. तिनं मास्तरला विचारलं होतं, त्या शिकवलेल्या पेशी समरला ओळखणार का. तो म्हणाला, हो. फक्त गाठीतल्या समरला का? तो म्हणाला, नाही, ती खूण जिथं असेल तिथं. मग आणखी कुठं आहे? तेव्हा मास्तरनं तिला समजावलं, की पोटात असताना बाळाच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि पुष्कळ आयांमध्ये त्या आयुष्यभर राहतात, काळजात, यकृतात, हाडांच्या आत. काही तर जिथं बसतात तिथल्यासारख्या होऊन कामाला लागतात. शुभांगीच्या नमुन्यात गाठीच्या नसलेल्या, चांगल्या, जिवंत अशा काही पेशी मिळाल्या होत्या. मुलाच्या.

"काळजात बसलेला काळजाचं काम करतो म्हणे," शुभांगी म्हणाली. "घरी कधी तांब्या भरून दिला नाही मेल्यानं."

बिद्रीचा थांबा मागे पडल्यावर ती एवढंच म्हणाली, "नदीनं नेला ते माझ्या हातात नव्हतं. हे माझ्या हातात आहे."

त्यानंतरचे दिवस तनिष्कानं कसे काढले ते तिलाच ठाऊक. ती फाउंड्रीतून थेट गारगोटीला यायची. आईची खाकी साडी दोरीवर वाळत असायची, म्हणजे आई ड्यूटी करून आलेली असायची. आईला जिना चढताना धाप लागते का, खोकल्यात रक्त पडतं का, इकडे तिचं लक्ष. आईच्या ते ध्यानात आलं, आणि ती मुद्दाम खोकला दाबू लागली. मामा येऊन समजावून गेला. डेपो मॅनेजरनं दोनदा बोलावलं. शुभांगी सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावायची. एका शेजारणीनं, पेशी म्हणजे काही माणूस नव्हे, असं म्हटल्यावर तिनं शांतपणे विचारलं, मग तुझ्या पोटात पहिल्या महिन्यात काय होतं?

पुढच्या तपासणीत फुफ्फुसातले ठिपके मोठे दिसले. यकृत अजून स्वच्छ होतं. डॉक्टर गव्हाणे म्हणाल्या, आता थांबायला फार वेळ नाही.

त्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती. तनिष्कानं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तो शब्द एकदाचा उच्चारला. म्हणाली, "आई, तुला कॅन्सर आहे."

"माहीत आहे की," शुभांगी म्हणाली. "कर्करुग्णालयात काय डोळे तपासायला नेलं होतंस? पाटी वाचता येते मला."

"मग?"

"मग काय? कॅन्सर मला कुणीही सांगितला असता. समर आत आहे, हे तू सांगितलंस."

तव्यावरची भाकरी फुगली. आईनं ती उलटली. आईला घाबरवायचं नाही म्हणून तनिष्कानं शब्द गिळला होता, आणि त्याच्या जागी जे दिलं होतं ते आता परत मागता येणार नव्हतं.

"माझ्याही पेशी आहेत तुझ्यात," ती म्हणाली. "मीही लाळ दिली होती तपासायला. बाबांकडची खूण माझी आणि समरची एकच आहे. त्या औषधानं माझ्याही जातील. त्याचं तुला काही नाही वाटत?"

"तू समोर आहेस की."

"आणि तू गेलीस तर माझ्यासमोर कोण आहे?"

आईनं भाकरी टोपल्यात ठेवली आणि पुढच्या पिठात पाणी घातलं. पाणी जास्त झालं. असं तिचं कधी होत नसे.

तनिष्का दुसऱ्या दिवशी एकटीच डॉक्टरांकडे गेली. त्या पेशी आधी काढून ठेवता येतील का, असं तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, मूठभर काढता येतील, नळीत जगवता येतील, हे मी त्यांना सुचवलंही. तुमची आई म्हणाली, पोरगं काय लोणचं आहे? मग त्या तनिष्काकडे वळल्या. म्हणाल्या, "तुम्ही धाकट्या ना? मोठ्या भावंडाच्या पेशी आईच्या रक्तात असतात, आणि त्यातल्या काही पुढच्या बाळात उतरू शकतात. पुराव्यानिशी नोंदलेलं आहे. तुमचा भाऊ तुमच्यातही असू शकेल. असला, तर आईचा उपचार तिथवर पोचणार नाही."

तनिष्कानं रक्त दिलं. घरी येऊन आईला सांगितलं. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, आणि पहिल्यांदाच तिनं लेकीच्या हाताकडे, मनगटाच्या निळ्या शिरांकडे टक लावून पाहिलं. "असेल तर बघू," ती म्हणाली.

आता तनिष्का रात्री डोळे मिटून नुसती पडून राहायची. समर आपल्यात असावा, असं तिनं इतक्या जोरानं कधी मागितलं नव्हतं. तो जिवंत असताना दोघांचं फारसं पटायचंही नाही. तिच्या स्कूटरची चार्जिंगची वायर न विचारता न्यायचा, आणि विचारलं तर म्हणायचा, घर माझ्या नावावर होणारच आहे. तिला त्याची हीच वाक्यं आठवत. ती फाउंड्रीत ओतीव भाग फिरवून फिरवून बघायची आणि पोकळी समोर असली तरी क्षणभर ती तिला दिसायची नाही.

निकाल कळवायला डॉक्टरांनी तिला आईसोबतच बोलावलं होतं. आईला बाहेर बसवून ती आत गेली.

"सापडल्या नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "याचा अर्थ नाहीतच, असा नाही. या नमुन्यात नव्हत्या. अस्थिमज्जेतून किंवा पुन्हा रक्त घेऊन बघता येईल. पण त्याला तीन आठवडे लागतील, आणि तुमच्या आईला तीन आठवडे थांबवायला मी तयार नाही."

तनिष्का उठली. दाराच्या मुठीवर हात ठेवून ती थोडी थांबली. डॉक्टर म्हणाल्या, "तुमचा निकाल तुमचा आहे. तुम्ही काय सांगता ते मी ऐकत नाही."

आई बाकावर ताठ बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. तिनं मान वर करून लेकीकडे बघितलं.

"आहेत," तनिष्का म्हणाली.

"किती?"

"थोड्या. पण आहेत."

शुभांगी आणखी एकदा मास्तरसमोर जाऊन बसली. या वेळी ती बराच वेळ आत होती. आई विचारणार आणि मास्तर सांगणार, त्याला खोटं बोलता येत नाही, हेच बाहेर तनिष्काच्या डोक्यात घुमत होतं. दार उघडलं. आई पदरानं अंगठा पुसत बाहेर आली, खरं तर शाई आता लागत नव्हती, काचेवरच टेकवायचा असायचा.

"तुझं विचारलं त्याला," आई म्हणाली. "दुसऱ्या माणसाचं सांगता येत नाही म्हणाला."

"डॉक्टरांना विचारायचं का? आत आहेत त्या."

शुभांगीनं दाराकडे बघितलं, मग लेकीकडे. तनिष्कानं नजर हलू दिली नाही.

"नको," आई म्हणाली. "तू सांगितलंस ना."

शिकवलेल्या पेशी सोडल्यावर ताप चढणार हे आधीच सांगितलं होतं. तो इतका चढला, की चौथ्या दिवशी शुभांगीनं डॉक्टरांना पिंपळगावचं तिकीट घ्यायला सांगितलं आणि सुटे पैसे नाहीत म्हणून झापलं. मग ती बोलायचीही थांबली. रक्तदाब खाली जायचा, यंत्रं ओरडायची, नर्स धावत यायची. काचेपलीकडे उभी राहून तनिष्का हिशेब मांडत होती. आई यातच गेली, तर ती आपल्या एका शब्दावर विश्वास ठेवून गेली. आणि वाचली, तर त्याच शब्दावर तिला पुढं जगायचं आहे. दोन्हीतलं काय सोसवेल ते तिला ठरवता येत नव्हतं. आईच्या आत या घडीला काय चाललं असेल, याचं चित्र ती डोळ्यांपुढून हटवत होती. शोधत फिरणाऱ्या पेशी, आणि काळजात मुकाट काम करत बसलेला तो.

सातव्या दिवशी ताप उतरला. महिनाभरानं ठिपके विरले. पुढं गर्भाची पिशवी काढली, तिच्यात जिवंत असं काही उरलेलं नव्हतं. रक्त तपासणाऱ्या यंत्रानं या वेळी कुठंच न अडता निकाल दिला. सगळा डीएनए शुभांगी रेडेकरचा. डॉक्टर गव्हाणे हसल्या. तनिष्का हसली. शुभांगीनं विचारलं, "म्हणजे आता मी एकटीच," आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाली, "बरं."

ती पुन्हा कामावर जाऊ लागली. बदल झाला तो इतका बारीक, की बाहेरच्याला कळला नसता. लेक आली की ती तिच्या कपाळाला हात लावून बघायची. हेल्मेट घातलंस का, उन्हातून आलीस का, फाउंड्रीतल्या त्या किरणांचं काही होत नाही ना, नोकरी बदलता येत नाही का. लहानपणी तापानं फणफणलेल्या तनिष्काला शाळेत पाठवणारी हीच बाई. कुणीतरी आपली इतकी काळजी करतंय, याचं सुख तनिष्काला हवंहवंसं वाटायचं, आणि ती काळजी कुणासाठी आहे ते आठवलं की ते सुख नकोसं व्हायचं. खरं सांगून टाकायला आता काहीच हरकत नव्हती. आई बरी झाली होती. दर शनिवारी ती हे ठरवून निघायची.

एका शनिवारी फाउंड्रीत रक्तदानाचं शिबिर होतं. दरवर्षी व्हायचं, दरवर्षी ती द्यायची. घरी आल्यावर तिनं बाह्या सारल्या आणि हात धुवायला गेली. कोपराच्या खोबणीत चिकटवलेली पट्टी आईला दिसली.

"हे काय?"

"रक्त दिलं. शिबिर होतं."

शुभांगीच्या हातातलं ताट ओट्यावर टेकलं. तिचा चेहरा असा झाला, की तनिष्काला वाटलं पुन्हा ताप चढला.

"किती दिलंस?"

"देतात तेवढंच. एक पिशवी."

"आणि कुणाला जाणार ते?"

"ते काय माहीत, आई. ज्याला लागेल त्याला."

"न विचारता?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "कुणाच्याही घरी पाठवलंस त्याला? मला न विचारता?"

तनिष्कानं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, कित्येक शनिवार ते तिनं घोटून ठेवलं होतं. आई पुढं आली. तिनं लेकीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्या पट्टीवर अंगठा दाबून धरला. रक्त केव्हाच थांबलेलं होतं. तरी ती दाबून उभी राहिली, अजून वाहत असल्यासारखं, आणि तिचे ओठ हलत होते.

"परत नाही देणार," तनिष्का म्हणाली.

तिनं हात सोडवून घेतला नाही. नळ तसाच वाहत होता.